बारडकर सरांचे रातकिडे

या, असे जवळ येऊन बसा. आणि आधी ती हातातली चप्पल खाली ठेवा. कपाटामागं एवढासा रातकिडा किर्र करायला लागला की तुम्ही सगळं घर सरकवून त्याच्या मागं लागता. तुम्हाला टीव्हीचा आवाज चालतो, शेजारच्या मिक्सरचा चालतो, त्या बिचाऱ्याचा तेवढा चालत नाही. अशानं तुमचं माझं जमायचं नाही. आमच्या घरात रातकिडा कुणी मारत नाही. तसा काही नियम केलेला नाही, कुणाचा हातच उठत नाही. का उठत नाही तेच सांगायला बसले आहे. मी शाळा फारशी पाहिली नाही. किराण्याच्या पुडीच्या कागदावरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले, त्यामुळं माझं लिहिणंही बोलल्यासारखंच होतं. तेवढं चालवून घ्या.

बारडकर सर आमच्याकडं खोली बघायला आले तेव्हा त्यांच्या दोन्ही काखांत लोणच्याच्या बरण्या होत्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. खांद्यावरच्या पिशवीतून किर्र किर्र आवाज येत होता. मला वाटलं घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आहे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. आधी आमचा प्रत्येक कागद उस्मानाबादला जायचा आणि तिकडंच मुरायचा. आता तो इथल्या इथं मुरू लागला. जिथं जागा मिळेल तिथं कचेऱ्या उघडल्या होत्या, पाटीवर बोट लावलं तर बोटाला रंग यायचा. आमच्या ह्यांना त्यातल्याच एका कचेरीत शिपायाची नोकरी लागली. सकाळी सायकलीला फडकं मारून हे ऐटीत म्हणायचे, "जिल्ह्याला चाललो." कचेरी आमच्या दोन गल्ल्या पलीकडं होती.

बाहेरून साहेब आले, कारकून आले, मास्तर आले. खोल्यांना भाव आला. जिल्हा आला, पाऊस तेवढा आला नाही. विहिरींचा तळ दिसायला लागला आणि गल्लीच्या तोंडाशी टँकरची वाट बघत घागरी रांगेत बसायला लागल्या.

अशा दिवसांत सर बऱ्याच दारांवरून परत आले होते. लोक आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग आणखी खोलात शिरायचे. आम्ही बौद्ध माणसं, आम्हाला ही विचारपूस चांगली ओळखीची. म्हणून मी काहीच विचारलं नाही. तेच म्हणाले, "वहिनी, माझं सगळे विचारतात, यांचं कुणी विचारत नाही. हे चालतील का?" आणि एका बरणीचं फडकं सोडून माझ्यासमोर धरलं. आत वाळू, अंड्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे आणि काळे, मिशाळ रातकिडे.

"चावत्यात का?" मी विचारलं.

"चावत नाहीत. गातात. तेही फक्त नर."

हे मागून म्हणाले, "मग राहू द्या. भाडं देणारे रेडिओ घेऊन येत्यात, त्यापेक्षा हे बरं. बॅटरी लागत न्हाई."

अशी खोली दिली.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. गाव नांदेडकडचं, हिमायतनगरच्या बाजूचं. बायको, कमलताई, त्याच बाजूला एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात नर्स. "बदली झाली की येईल," असं सर पहिल्या दिवशी म्हणाले आणि पुढं वर्षानुवर्षं म्हणत राहिले. सुट्टी मिळाली की त्या एसटीनं यायच्या, दोन दिवस राहून खोली झाडून, सरांची गुंड्या तुटलेली सगळी शर्टं नीट करून परत जायच्या. मूलबाळ नव्हतं. गल्लीनं पहिल्याच फेरीत कमलताईंकडं बघून काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

सरांच्या शर्टाच्या खिशात कायम गाजराचा तुकडा असायचा. पेन मागितलं तर गाजर निघायचं. किड्यांना डाळ मिलमधली चुनी, म्हणजे डाळीचा भुगा लागायचा, तोही त्याच खिशात. बोलताना माणसाच्या तोंडाकडं न बघता ते जरा कान देऊन उभे राहायचे, जणू आपण काय बोलतो त्यापेक्षा कुठल्या सुरात बोलतो हे महत्त्वाचं. आणि त्यांचं एक पालुपद होतं. काहीही विचारा. सर, जेवलात का, सर, पेपर तपासून झाले का, सर, भाडं आज देताय का. उत्तर एकच: "थांबा. थैली तयार व्हायची आहे." ही थैली म्हणजे काय हे कळलं नव्हतं तोवर शेजारची गयाबाईसुद्धा ते वाक्य वापरायला लागली होती. कळल्यावर तिनं पदर तोंडात कोंबला आणि पुढं दोन दिवस सरांसमोर आली नाही.

टँकरच्या पाण्यावरून मात्र गयाबाईनं सरांना सोडलं नव्हतं. सरांच्या वाटणीला एक घागर. त्यातलं पाणी ते कापसाच्या बोळ्यानं बरण्यांतल्या वाळूवर सोडायचे, कारण मादी ओल्या वाळूतच अंडी घालते. स्वतः ओल्या टॉवेलनं अंग पुसायचे आणि तो टॉवेलही वाळूवरच पिळायचे.

"मास्तर, माणसाला प्याया न्हाई अन् तुमी किड्याला पाजून राहिले," गयाबाई रांगेतून म्हणाली.

"त्यांचं रेशनकार्ड नाही ना बाई," सर म्हणाले. "माझ्याच कार्डावर आहेत."

रांग हसली आणि सरांची घागर कुणी मागं सरकवली नाही.

संध्याकाळी दिवेलागणीला किडे गायला लागायचे. हळूहळू गल्लीतली माणसं आमच्या अंगणात येऊन बसायला लागली, दुष्काळात दुसरी करमणूक तरी काय होती. सर बरणी मध्ये ठेवून सांगायचे. रातकिडा तोंडानं ओरडत नाही. नराच्या एका पंखाच्या खाली कंगव्यासारखे दाते असतात, दुसऱ्या पंखाची कड त्यावर घासली की सूर निघतो. आणि कान पुढच्या पायांत, गुडघ्याच्या जरा खाली.

"म्हंजे कान झाकायचे तर पायमोजे घालावं लागतंय," हे म्हणाले.

"मादी लांब असली की नर मोठ्यानं गातो," सर सांगत होते, "ती जवळ आली की तोच हळू होतो. टिक टिक, एवढंच. जवळच्या माणसाशी हळू बोलायचं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही."

गयाबाई म्हणाली, "आमच्याकडं उलटं हाय. लांबच्या बायांशी हळू बोलत्यात, घरातलीवर वरडत्यात."

मग आम्ही तो सगळा प्रकार पाहिला. म्हातारी होऊन लिहिते आहे म्हणून लाजत नाही. नर अंग चपटं करून मागं मागं सरकत मादीच्या खाली जातो. चढते ती मादी. तिनं मनावर घेतलं नाही तर त्याचं काही चालत नाही. मग नर तिच्या शेपटाशी एक पांढरा मणी अडकवतो, मोहरीपेक्षा बारीक. तीच ती थैली. त्यात त्याचं बीज. ते हळूहळू मादीच्या पोटात उतरतं, आणि उतरून झालं की मादी रिकामी थैली खाऊन टाकते. तिनं ती आधीच खाऊ नये म्हणून नर मिशी तिच्या अंगाला लावून राखण बसतो. आणि पोटात नवी थैली तयार होईपर्यंत तिला गाणंही म्हणत नाही.

"सबूर हाय गड्याला," गयाबाई म्हणाली.

थैली बनते कशी, असं ह्यांनी विचारलं. सर म्हणाले, नराच्या पोटात दोन वेगळे कारखाने असतात. बीज तयार होतं ते बीजकोशात. थैली बनवणाऱ्या ग्रंथी निराळ्या, बोटांच्या झुपक्यासारख्या. ह्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "आपल्या डाळ मिलवानी. डाळ करणारे येगळे अन् पोती शिवणारे येगळे." सरांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोरांना त्यांनी तसंच शिकवलं. पोरांना म्हणे तेवढंच समजलं.

सगळ्या बरण्यांत एका नराचा आवाज भारी होता. त्याचं नाव ह्यांनी भोंगा ठेवलं होतं. तो लागला की बाकीचे ऐकूच यायचे नाहीत. माद्या त्याच्याकडं जायच्या, सगळं यथासांग व्हायचं, पण भोंग्याच्या बरणीत पिल्लं निघत नव्हती. सरांनी मादी बदलली. वाळू बदलली. पाणी वाढवलं, तेही त्या दिवसांत. "मादीला इथलं मानवत नसेल," असं म्हणत राहिले.

आणि मग आमच्या ह्यांनी गोंधळ घातला.

हे मूळचे देवणीचे. देवणी म्हणजे गाईबैलांचं गाव, तिथलं जनावर नावाजलेलं. ह्यांचं सगळं बालपण बैलांच्या कानामागची आणि आचळाजवळची गोचिडं काढण्यात गेलं. माणसाच्या मानेवर तीळ दिसला तरी ह्यांचा हात शिवशिवतो. एका दुपारी सर कॉलेजात होते, हे घरी. बरण्यांत डोकावून बघत होते तर भोंग्याच्या मादीच्या शेपटाशी पांढरा मणी. अंगणातली सगळी व्याख्यानं ऐकलेला माणूस, पण डोळ्याला जुनी सवय. काटा काढायचा चिमटा घेतला आणि अलगद काढला. सर दारात आले तसे हे पुढं होऊन म्हणाले, "मास्तर, तुमच्या मादीला गोचीड लागलं व्हतं. काडलं. काडीपेटीत ठिवलंय बगा."

सर उंबऱ्यावरच बसले. काडीपेटी उघडून बघितली. मग फार शांतपणे म्हणाले, "दादा, ते गोचीड नव्हतं. तो त्या नराचा सगळा संसार होता."

ह्यांचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. "म्या तर तिची तकलीफ कमी केली म्हणलं," एवढंच म्हणाले.

काडीपेटीतला मणी वाळून गेला होता. पण आपण काय उपटलं हे ह्यांना दिसावं म्हणून सरांनी त्या संध्याकाळी मायक्रोस्कोप बाहेर आणला. आधी दुसऱ्या एका नराची ताजी थैली काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवून टोचली. ह्यांनी डोळा लावला, मग मी लावला. थैलीच्या टोकातून एक पांढरा दोरा निघत होता, चुलीतून धूर निघावा तसा, आणि त्या धुरात केसांहून बारीक काहीतरी वळवळत होतं. मी जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. मग सरांनी भोंग्याची ताजी थैली ठेवली. टोचली. स्वतः बघितलं. पुन्हा बघितलं. काच पुसून, पुन्हा भोंग्याकडून थैली मिळेपर्यंत थांबून पुन्हा बघितलं.

"काय हो?" हे म्हणाले.

"पाणी आहे नुसतं," सर म्हणाले. "पोती शिवणं चालू आहे, दादा. मिल बंद आहे."

"पर वरडतोय की."

"ओरडणार. आवाज पंखात असतो, बीज पोटात. याचा त्याला पत्ता नाही. गातो, मादी येते, थैली देतो, राखण बसतो. यालाही काही कळत नाही, तिलाही नाही." मग काच पुसत म्हणाले, "आणि मी इतके दिवस मादी बदलत होतो."

त्या दिवसापासून सर गप्प गप्प झाले. थैलीचं पालुपदही ऐकू येईना. आम्हाला वाटलं प्रयोग बिघडला म्हणून असेल.

आता माझ्या लेकीचं सांगायला हवं. सुजाता आमची एकुलती. तिला नायगावला दिलेली, जावई शाळेत मास्तर. घर चांगलं, माणूस चांगला, पण लग्नाला वर्षं होत चालली आणि पाळणा हलेना. विहीणबाईंच्या घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि सुनेच्या दंडात दोरा, असं दोन्हीकडून चाललं होतं. सुजाताला नांदेडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, हिच्यात काही नाही, नवऱ्याला पाठवा. नवऱ्याला पाठवा म्हटल्यावर विहीणबाईंनी डॉक्टरीणच बदलली.

आणि त्या दुष्काळात एके दिवशी सुजाता एकटीच आली. हातात कपड्यांची पिशवी. मागोमाग निरोप आला, की विहीणबाई आणि जावई बोलायला येतायत, राजीखुशीनं फारकत करायची आहे. पोरगी जेवायची नाही. अंगणाच्या कोपऱ्यात बसून भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची, तीही राखेनं, पाणी नव्हतं म्हणून.

आली ती माणसं दिवेलागणीला. अंगणात सतरंजी टाकली. जावई प्रकाशराव मान खाली घालून बसले. ह्यांनी पाणी दिलं, मी चहा टाकला. विहीणबाईंनी चहा बाजूला ठेवला.

"आमी पोरीला वाईट म्हणत न्हाई," त्या म्हणाल्या. "कामाला चांगली हाय. पर वंशाचं काय? किती साल वाट बगायची माणसानं? तुमी राजीनं सही करा, तिला इथंच ठेवा. भांडण नको."

"डॉक्टरीणबाई म्हणल्या पोरीत दोष न्हाई," हे म्हणाले.

"मग काय माज्या लेकात हाय? काय कमी हाय त्याच्यात? आवाज ऐका त्याचा. वर्गात बोलला की वेशीपस्तोर जातंय."

तेवढ्यात खोलीत भोंगा लागला. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अन् हे काय कवाधरनं लावलंय. कान किटले माय."

खोलीचं दार उघडलं आणि सर बाहेर आले. एका हातात भोंग्याची बरणी, दुसऱ्या हातात मायक्रोस्कोप. मला वाटलं, ह्या माणसाला वेळकाळ काही कळत नाही, आता किडे दाखवत बसेल. मी डोळ्यांनी खुणावलं, पण ते माझ्याकडं बघत नव्हते.

"मावशी," ते विहीणबाईंना म्हणाले, "आवाजाचं म्हणालात म्हणून आलो. आमच्यात सगळ्यात मोठा आवाज याचा आहे."

आणि सतरंजीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. पंख, थैली, मिल, पोती. विहीणबाई ऐकेनात, "हे काय किड्यामुंगीचं सांगून राहिले," म्हणून उठायला लागल्या. पण प्रकाशराव ऐकत होते. शाळामास्तरच ते. सरांनी काचा मांडल्या तसे पुढं सरकले आणि डोळा लावला. आधी दुसऱ्या नराची थैली बघितली, मग भोंग्याची. दुसऱ्या वेळी डोळा काढायला त्यांना फार वेळ लागला.

"हे किड्याचं झालं सर," ते शेवटी म्हणाले. "माणसाचं असं कुटं असतंय."

"असतं," सर म्हणाले. "माझंच आहे."

भिंतीपलीकडं गयाबाईच्या घरात भांडी वाजत होती, ती थांबली.

सर नेहमीच्या, वर्गात शिकवायच्या आवाजात बोलत होते. "मी तपासून घेतलंय. माझी मिल बंद आहे, प्रकाशराव. माझ्या बायकोत काही कमी नाही, कधीच नव्हतं. लोक तिला बोलतात. तिनं ते सगळं ऐकून घेतलं, आणि तिचा त्यात काडीचा संबंध नव्हता. तुम्हीही तपासून घ्या. तुमच्यात काही नसेल तर नसेल, मग काय सही करायची ती करा. पण मी इतके दिवस निष्कारण मादी बदलत बसलो होतो, ते पाहिल्यावर मला तुमच्यासमोर गप्प राहवेना."

विहीणबाईंनी पदर तोंडावर घेतला. प्रकाशरावांनी पहिल्यांदा मान वर केली.

"तुमाला कवा कळलं सर?"

"लग्नानंतर काही वर्षांनी."

"मग कसं... म्हंजे कळल्यावर कसं व्हतं?"

सर सांगायला लागले. "दुसऱ्या दिवशी भूक लागली होती. कमलनं भाजी चांगली केली होती. तिच्याशी बोलावंसं वाटत होतं. सगळं होतं तसंच होतं. मला उगाच वाटलं होतं की काहीतरी कोसळेल."

प्रकाशराव बरणीकडं बघत खालच्या आवाजात म्हणाले, "एकट्यानं जायची लाज वाटते."

"मी येतो की," सर म्हणाले. "नांदेडला माझं जाणंयेणं असतंच."

विहीणबाई उठल्या. "चल प्रकाश, येष्टी जाईल."

"तू व्हय पुढं आई," जावई म्हणाले. "म्या सुजाताला घेऊन येतो."

मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि रडले. गार झालेला चहा पुन्हा गरम केला आणि त्याच रडक्या तोंडानं सगळ्यांना दिला. विहीणबाईंनी यावेळी घेतला.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. सर जावयाबरोबर गेले. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसून राहिले, खिशातलं गाजर अर्धं त्यांना दिलं म्हणे. दोष जावयातच निघाला. औषधं झाली, उपयोग झाला नाही. पण प्रकाशरावांनी ते आईला आपल्या तोंडानं सांगितलं. फारकतीचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढं त्या दोघांनी नांदेडच्या अनाथाश्रमातून एक पोरगी आणली. विहीणबाई सुरुवातीला तिच्याकडं बघायच्या नाहीत, नंतर तिच्यावाचून जेवायच्या नाहीत.

सरांना मात्र ते महागात पडलं. गल्लीनं त्यांचं नाव 'बंद मिल' ठेवलं. कॉलेजात ते फळ्याकडं वळले की मागच्या बाकावरची पोरं किर्र करायची. सर न वळता म्हणायचे, "गाणाऱ्यांनी पुढच्या बाकावर यावं. एवढ्या लांबून मादीला कळत नाही." वर्ग हसायचा, तेही हसायचे. आमचे हे चिडायचे, कुणाच्या तरी अंगावर धावून जायचे. सर त्यांना मागं ओढायचे, "जाऊ द्या दादा, नवी थैली तयार होईपर्यंतच असतं ते." पालुपद परत आलं होतं, याचंच मला बरं वाटलं.

मला भीती होती ती कमलताईंची. नवऱ्यानं घरातली गोष्ट परक्यांच्या अंगणात सांगितली, बाई काय म्हणेल. सुट्टीला आल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर जायचं टाळत होते. त्याच माझ्याकडं ज्वारी निवडायला येऊन बसल्या.

"सासूनं मला किती दर्ग्यांवर नेलं, किती देवळांत नेलं," खडे काढता काढता त्या सांगायला लागल्या. "हे रोज म्हणायचे, आईला सांगून टाकतो. म्याच सांगू दिलं न्हाई. म्हातारीचा ह्यांच्यावर लई जीव. मला बोलली की ती मोकळी व्हायची. ह्यांचं कळलं असतं तर कुणाला बोलली असती ती? आतल्या आत झुरली असती. म्हणून म्या म्हणलं, मलाच बोलू द्या. मग ती गेली. मग सांगायला कुणी राहिलंच न्हाई, वहिनी. खरं असून त्याचं करायचं काय?"

त्यांनी सूप थोपटलं. "त्या दिवशीचं सगळं हे मला पत्रात न लिहिता येऊन सांगून गेले. एवढ्यासाठी सुट्टी काढून आले. म्हणले, कमल, त्या मावशीला सांगताना आईला सांगितल्यासारखं वाटलं."

मी त्यांच्या सुपातले खडे काढत राहिले, नसलेलेसुद्धा.

नंतर सरांची बदली नांदेडला झाली. कमलताई आणि ते एका घरात राहिले, शेवटी एकदाचे. निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी कमलताई गेल्या. आमचे हे त्याच्या आधीच गेलेले. आता सर नांदेडला एकटे असतात, बरण्या घेऊन.

नायगावहून नांदेड जवळ, म्हणून सुजाता अधूनमधून त्यांच्याकडं डबा घेऊन जाते. मागच्या खेपेला संध्याकाळी गेली तर सर बरण्यांच्या रांगेपुढं खाली बसलेले, एकेका फडक्याला कान लावून. केस पांढरे, खिशात चुनी. तिला म्हणाले, "बाळ, यंदा एकही गात नाही. माझं काय चुकलं कळेना. वाळू बदलली, खाणं बदललं. सगळे नर मुके झालेत."

आणि सुजाता सांगते, आई, त्या खोलीत इतका किर्रकिराट होता की मला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं.

तिच्या लक्षात आलं. माणसाचं बोलणं ऐकू आलं तरी किड्यांचा असा बारीक, उंच सूर म्हाताऱ्या कानाला आधी ऐकू येईनासा होतो. कमलताई असताना त्याच सांगत असणार, आता हा लागला, आता तो. सरांना कधी कळलंच नसेल. मग तिनं बॅटरी आणली, एका बरणीवर धरली आणि म्हणाली, "सर, पंख बघा."

सरांनी वाकून बघितलं. पंख थरथरत होते. दुसऱ्या बरणीत बघितलं, तिसऱ्या बरणीत बघितलं. सगळ्यांचे पंख चालू होते.

मग ते भिंतीला टेकून बसले आणि त्यांचा चेहरा एकदम निवळला. "म्हणजे माझेच कान गेले," ते म्हणाले. "बरं झालं. मला वाटलं, त्यांचं काही बिघडलं."

सुजातानं हे सांगितलं त्या दिवसापासून मला चैन नाही. सर, हे लिहिलेलं मी तिच्याच हाती तुमच्याकडं पाठवते आहे. स्वतःचं कौतुक तुम्ही मोठ्यानं वाचणार नाही हे माहीत आहे, तिच्याकडून वाचून घ्या. माझी लेक आज तिच्या घरात आहे, तिची पोर मला आजी म्हणते, हे तुमच्यामुळं, आणि हे मी तुम्हाला कधी नीट तोंडावर बोलले नाही. आम्हा बायकांना चहा करून द्यायची सवय, बोलून दाखवायची नाही. माझे गुडघे गेलेत पण कान अजून शाबूत आहेत. यंदा पाऊसही बरा झालाय. तुम्ही बरण्या घेऊन या आणि चार दिवस राहा. संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकू. कोण गातोय, कुठल्या बरणीत गातोय, मोठ्यानं गातोय की हळू, ते मी तुम्हाला सांगत बसेन. फक्त लवकर या, सर.